इन द एरोप्लेन ओव्हर द सी

इन द एरोप्लेन ओव्हर द सी हा न्यूट्रल मिल्क हॉटेल या अमेरिकन इंडी रॉक बँडचा दुसरा आणि आजवरचा अखेरचा स्टुडिओ अल्बम आहे. मर्ज रेकॉर्ड्स या स्वतंत्र ध्वनिमुद्रण कंपनीने तो १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रकाशित केला. बँडचा संस्थापक, गायक आणि गीतकार जेफ मँगम याने त्यातील बहुतेक गीते रचली असून निर्मिती रॉबर्ट श्नायडर याची आहे. अल्बममध्ये ११ रचना आहेत आणि त्याचा कालावधी सुमारे ४० मिनिटे आहे.

लोकसंगीत, पंक रॉकचा आवेग, पितळी वाद्यांचे ताफे आणि हेतुपुरस्सर राखलेला खरखरीत ध्वनी यांचा मेळ या अल्बममध्ये आढळतो. त्यातील काही गीतांमागे दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावलेली ज्यू मुलगी ॲन फ्रँक हिच्या दैनंदिनीची प्रेरणा आहे. प्रकाशनाच्या वेळी या अल्बमला मर्यादित प्रसिद्धी मिळाली. त्यानंतर वर्षभरातच बँडचे काम थांबले आणि मँगम सार्वजनिक जीवनातून बाजूला झाला. अल्बमची कीर्ती प्रामुख्याने त्यानंतरच्या काळात, म्हणजे बँडच्या अनुपस्थितीत वाढत गेली. आज इंडी रॉकमधील सर्वाधिक प्रभावी अल्बमांत त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

जेफ मँगम याचा जन्म १९७० मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील रस्टन या गावी झाला. शालेय वयात रॉबर्ट श्नायडर, बिल डॉस आणि विल कलन हार्ट यांच्याशी त्याची मैत्री झाली. हे मित्र घरच्या घरी कॅसेटवर गाणी ध्वनिमुद्रित करून ती एकमेकांना ऐकवत असत. या देवाणघेवाणीतून पुढे एलिफंट सिक्स हा संगीतकारांचा समूह उभा राहिला. श्नायडरचा द ॲपल्स इन स्टिरिओ, डॉस आणि हार्ट यांचा द ऑलिव्हिया ट्रेमर कंट्रोल आणि मँगमचा न्यूट्रल मिल्क हॉटेल हे या समूहातील प्रमुख बँड होत. १९६०च्या दशकातील सायकेडेलिक पॉप संगीताची ओढ आणि घरगुती साधनांवरचा विश्वास ही या मंडळींची समान वैशिष्ट्ये होती.

न्यूट्रल मिल्क हॉटेल हे सुरुवातीला मँगमच्या एकट्याच्याच कॅसेटींना दिलेले नाव होते. १९९६ मध्ये मर्ज रेकॉर्ड्सने प्रकाशित केलेला ऑन ॲव्हरी आयलंड हा पहिला अल्बम त्याने श्नायडरच्या साहाय्याने डेन्व्हर येथे तयार केला. त्या अल्बममधील गाणी रंगमंचावर सादर करण्यासाठी कायमस्वरूपी बँडची गरज भासू लागली. तेव्हा ज्युलियन कोस्टर, स्कॉट स्पिलेन आणि जेरेमी बार्न्स हे तिघे मँगमला येऊन मिळाले. कोस्टर बँजो, ॲकॉर्डियन आणि करवत वाजवत असे, स्पिलेन पितळी वाद्ये हाताळत असे, तर बार्न्स ड्रमवादक होता. एकत्र राहून आणि दौरे करून या चौघांचा जो सामूहिक ध्वनी घडला, तोच दुसऱ्या अल्बमचा पाया ठरला.

ॲन फ्रँकच्या दैनंदिनीचा प्रभाव

पहिल्या अल्बमचे काम संपण्याच्या सुमारास मँगमने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ॲन फ्रँकची दैनंदिनी विकत घेतली. ॲनचा जन्म १९२९ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे झाला होता. नाझी छळापासून वाचण्यासाठी तिचे कुटुंब जुलै १९४२ पासून ॲमस्टरडॅममधील एका इमारतीच्या मागील भागात लपून राहत होते. ४ ऑगस्ट १९४४ रोजी ते पकडले गेले. १९४५ च्या सुरुवातीस बर्गन-बेल्सन येथील छळछावणीत ॲन आणि तिची थोरली बहीण मार्गो या दोघींचा मृत्यू झाला. ॲन तेव्हा १५ वर्षांची होती. त्यानंतर काही आठवड्यांतच, १५ एप्रिल १९४५ रोजी, ब्रिटिश सैन्याने ती छावणी मुक्त केली. वडील ऑटो फ्रँक वाचले आणि १९४७ मध्ये त्यांनी मुलीची दैनंदिनी प्रसिद्ध केली.

हे पुस्तक वाचून आपण कित्येक दिवस रडत होतो, असे मँगमने १९९८ मध्ये पंक्चर या संगीतविषयक नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत सांगितले. कालयंत्रात बसून भूतकाळात जावे आणि ॲनला वाचवावे, अशी स्वप्ने त्याला पडत असत. अल्बममधील अनेक प्रतिमांचे मूळ या अशक्य इच्छेत आहे.

ध्वनिमुद्रण

१९९७ च्या उन्हाळ्यात डेन्व्हर येथील पेट साउंड्स स्टुडिओत अल्बमचे ध्वनिमुद्रण झाले. द बीच बॉइज या बँडच्या १९६६ मधील पेट साउंड्स या अल्बमवरून श्नायडरने आपल्या स्टुडिओला हे नाव दिले होते. हा स्टुडिओ एका राहत्या घरातच थाटलेला होता.

मँगमला ध्वनी खरखरीत आणि भरगच्च हवा होता. त्यासाठी गिटारवादक सहसा विरूपण घडवणारी पायपेटी वापरतात. येथे मात्र निराळी पद्धत अवलंबण्यात आली. ध्वनिग्राहक गिटारच्या अगदी निकट ठेवला जाई आणि त्यातून येणारा संकेत इतका वाढवला जाई की ध्वनिमुद्रणाची यंत्रणाच त्या भाराने विरूप होई. नंतर तो ध्वनी आणखी दाबून घट्ट केला जाई. परिणामी अकुस्टिक गिटारसुद्धा विद्युत गिटारसारखी गरजते. तिच्या तारांवर बोटांचे घासणे आणि गायकाचा श्वास मात्र स्पष्ट ऐकू येतो.

पितळी वाद्यांच्या रचना श्नायडर आणि स्पिलेन यांनी मिळून बांधल्या. मँगम गाण्याची चाल व शब्द घेऊन येई, तर इतर वादक आपापल्या वाद्यांचे भाग त्यात रचत जात. श्नायडरने निर्मितीबरोबरच ऑर्गन, बास आणि पियानो या वाद्यांवरही साथ केली आहे.

आठ मिनिटांहून अधिक लांबीचे ‘ओह कमली’ हे गीत या ध्वनिमुद्रणातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रसंग ठरले. ध्वनीची पातळी तपासण्यासाठी मँगमला गाण्याचा थोडासाच भाग म्हणायचा होता, परंतु तो थांबला नाही. एकाच बैठकीत त्याने संपूर्ण गीत गिटारसह गायले आणि तीच प्रत अल्बमसाठी कायम झाली. पितळी वाद्ये त्यावर नंतर चढवण्यात आली. गीताच्या अखेरीस नियंत्रणकक्षातून ऐकणाऱ्या स्पिलेनने आश्चर्याने काढलेला उद्गारही मुद्रित झाला असून तो तसाच ठेवण्यात आला आहे.

संगीत

रचनेच्या दृष्टीने अल्बममधील बहुतेक गाणी साधी आहेत. शीर्षकगीत चार स्वरमेळांच्या ज्या आवर्तनावर उभे आहे, ते १९५०च्या दशकातील अमेरिकन लोकप्रिय गीतांत रूढ होते. प्रायोगिकता आहे ती या साध्या सांगाड्याभोवती उभारलेल्या ध्वनिविश्वात. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्लूगलहॉर्न व युफोनियम यांचा ताफा कधी लग्नाच्या वरातीसारखा, तर कधी अंत्ययात्रेसारखा वाजतो. लघुलहरी रेडिओची घरघर, घरगुती ऑर्गन, बँजो आणि ॲकॉर्डियन हेही वेळोवेळी ऐकू येतात.

शीर्षकगीतात कोस्टरने वाजवलेली करवत हे या ध्वनिविश्वाचे ठळक उदाहरण आहे. सुतारकामातील करवतीचे पाते वाकवून त्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज फिरवला असता मानवी आवाजाशी साम्य असणारा, थरथरता स्वर निघतो. पाते कमीअधिक वाकवून स्वर बदलता येतो, मात्र दोन स्वरांमध्ये पायरी नसते. एक स्वर दुसऱ्यात घसरत जातो. भुताखेतांचा आणि मृत्यूचा उल्लेख असलेल्या या गाण्यात या स्वराला विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.

‘द फूल’ ही शब्दविरहित रचना स्पिलेनची असून ती संथ मिरवणुकीच्या चालीत बांधलेली आहे. दहाव्या क्रमांकाची रचनाही शब्दविरहित आहे. तिला शीर्षक नाही आणि तिच्यात आयर्लंडचे इलन पाइप्स हे वाद्य जत्रेतल्यासारख्या गजरात वाजते. अनेक गाणी मध्ये न थांबता एकमेकांत मिसळतात, त्यामुळे अल्बम सलग ऐकला जाण्याच्या दृष्टीने योजलेला असल्याचे जाणवते.

मँगमचे गाणे तांत्रिकदृष्ट्या संस्कारित नाही. तो मोठ्याने, ताणून आणि काही ठिकाणी आवाजाच्या मर्यादेपलीकडे जाऊन गातो. काही श्रोत्यांना हा आवाज असह्य वाटतो, तर इतरांना तोच अल्बमचा आत्मा वाटतो.

आशय

हा अल्बम ‘ॲन फ्रँकविषयीचा अल्बम’ म्हणून ओळखला जातो. हे वर्णन अंशतःच खरे आहे. तिचा स्पष्ट माग ‘हॉलंड, १९४५’, ‘घोस्ट’ आणि ‘ओह कमली’ यांसारख्या गीतांत लागतो. ‘हॉलंड, १९४५’ या शीर्षकातील साल तिच्या मृत्यूचे आहे. त्या गीतात मृत मुलगी स्पेनमधील एका मुलाच्या रूपाने पुन्हा जन्म घेते, अशी कल्पना आहे. ‘ओह कमली’मध्ये ती आपल्या आई आणि बहिणीसह पुरली गेल्याचा निर्देश येतो. प्रत्यक्षात तिची आई एडिथ फ्रँक हिचा मृत्यू जानेवारी १९४५ मध्ये ऑशविट्झ येथे, मुलींपासून दूर झाला होता. गीत इतिहासाचे तपशील काटेकोरपणे सांगत नाही, हे अशा ठिकाणी दिसून येते.

उर्वरित गीतांचा विषय मुख्यतः बालपण, कुटुंब आणि देह हा आहे. पहिल्याच गीतात आईवडिलांच्या हिंसक कलहाने भरलेले घर आणि त्या घरात परस्परांचा आधार शोधणारी दोन कोवळी मुले येतात. ‘टू-हेडेड बॉय’ या दोन भागांच्या गीतात काचेच्या बरणीत ठेवलेला दोन डोक्यांचा मुलगा आहे. जुन्या जत्रांमधील विलक्षण देहांच्या प्रदर्शनाची आठवण करून देणारी ही प्रतिमा आहे. जोडलेली जुळी भावंडे, काचेपलीकडचे प्रेम, मृतांशी संवाद आणि वितळणारे वा उडणारे देह या प्रतिमा वारंवार परततात. बंद जागेत अडकलेले मूल हा त्यांतील समान धागा आहे. ॲमस्टरडॅममधील लपण्याची जागा, कलहग्रस्त घर आणि काचेची बरणी ही त्याचीच तीन रूपे मानता येतात.

दुसऱ्या गीताच्या प्रारंभी मँगम येशू ख्रिस्तावरील प्रेम उघडपणे, दीर्घ स्वरात व्यक्त करतो. उपरोधाची सवय असलेल्या तत्कालीन इंडी रॉकच्या श्रोत्यांना हे अनपेक्षित होते. अल्बमसोबतच्या मजकुरात मँगमने याचा खुलासा केला आहे. आपण जे गातो ते मनापासून गातो, मात्र अल्बमची धारणा कोणत्याही एका धर्मावर आधारलेली नसून सर्व वस्तूंत एक चिरंतन प्रकाश असतो या श्रद्धेवर आहे, असा त्या खुलाशाचा आशय आहे.

प्रत्यक्ष घडलेल्या नरसंहारातील बळीला एका तरुण गायकाने आपल्या खाजगी स्वप्नांचे, काही ठिकाणी प्रेमाचेही, पात्र करावे का, हा प्रश्न अल्बमच्या संदर्भात उपस्थित होतो. ‘टू-हेडेड बॉय’चा दुसरा भाग हे अखेरचे गीत या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यात जिला वाचवण्याची इच्छा होती तिच्यापासून दूर होण्याचा सूर आहे. गीत संपल्यावर मँगम गिटार खाली ठेवून उठून जातो. तो आवाजही मुद्रित झाला असून अल्बमचा शेवट त्यानेच होतो.

मुखपृष्ठ

मुखपृष्ठ ख्रिस बिलहायमर याने तयार केले. तो जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथील आर.ई.एम. या बँडसाठी रचनाकार म्हणून काम करीत असे. समुद्रस्नान करणाऱ्या लोकांचे चित्र असलेले एक जुने युरोपीय पोस्टकार्ड त्यासाठी वापरण्यात आले. चित्रातील स्त्रीच्या चेहऱ्याच्या जागी बिलहायमरने ढोलाचे वाटोळे चामडे बसवले. त्यामुळे आनंदी दिसणाऱ्या मूळ चित्राला अस्वस्थ करणारी छटा प्राप्त झाली. हा चेहरा बटाट्याचा आहे, असा समज श्रोत्यांमध्ये पसरलेला आढळतो. उडत्या ग्रामोफोनचे आतील चित्र ब्रायन ड्यूअन याचे आहे.

प्रकाशन आणि प्रारंभीचा प्रतिसाद

मर्ज रेकॉर्ड्स ही सुपरचंक या बँडमधील मॅक मकॉहन आणि लॉरा बॅलन्स यांनी १९८९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात स्थापन केलेली छोटी कंपनी होती. नव्या अल्बमच्या सुरुवातीला काही हजारच प्रती काढण्यात आल्या. ‘हॉलंड, १९४५’ हे अल्बममधून स्वतंत्रपणे प्रकाशित झालेले एकमेव गीत असून त्याच्या मागील बाजूस ‘एंजिन’ हे गीत होते.

समीक्षकांचा प्रतिसाद एकंदरीत अनुकूल होता, मात्र तो एकमुखी नव्हता. पिचफोर्कने अल्बमला १० पैकी ८.७ गुण दिले, तर रोलिंग स्टोनने ५ पैकी ३ तारे देऊन काही शंका व्यक्त केल्या. बँडचे कार्यक्रम गर्दी खेचू लागले. त्याबरोबर मँगमवर मुलाखतींचा आणि गीतांचे अर्थ उलगडून सांगण्याच्या मागणीचा ताणही वाढला.

मँगमचे मौन

१९९८ च्या अखेरीस दौरा संपल्यानंतर बँडने काम थांबवले. विसर्जनाची औपचारिक घोषणा झाली नाही. इतर सदस्य आपापल्या प्रकल्पांकडे वळले. कोस्टरने द म्युझिक टेप्स, स्पिलेनने द गर्बिल्स, तर बार्न्सने पुढे अ हॉक अँड अ हॅकसॉ या बँडमधून काम केले.

मँगमने नवी गीते प्रकाशित केली नाहीत. २००१ मध्ये दोन ध्वनिमुद्रणे आली. त्यांपैकी एक १९९७ मधील त्याच्या एकल कार्यक्रमाचे होते. दुसऱ्यात मँगमचा आवाज नव्हता. ते बल्गेरियातील कोप्रिव्श्टित्सा येथील लोकसंगीत महोत्सवात त्याने टिपलेल्या ध्वनींचे संकलन होते.

या काळात अल्बमचे चाहते वाढत गेले आणि मँगमविषयीच्या आख्यायिकाही वाढल्या. २००३ मध्ये अटलांटा येथील एका साप्ताहिकाच्या पत्रकाराने त्याचा शोध घेणारा दीर्घ लेख लिहिला. त्या शोधादरम्यान मँगमने ईमेलद्वारे कळवले की आपण एखादी कल्पना नसून माणूस आहोत आणि आपल्याला एकटे राहायचे आहे. तरीही २००८ मध्ये स्लेट या संकेतस्थळावरील एका लेखात त्याची तुलना एकांतवासी कादंबरीकार जे. डी. सॅलिंजर यांच्याशी करण्यात आली.

पुनर्मूल्यांकन

नव्या अल्बमची किंवा प्रसिद्धीची जोड नसताना २०००च्या दशकात अल्बमचे स्थान झपाट्याने उंचावले. महाजालावरील चर्चा आणि श्रोत्यांची परस्परांना केलेली शिफारस ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात.

२००३ मध्ये मॅग्नेट नियतकालिकाने १९९३ ते २००३ या काळातील सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत त्याला पहिले स्थान दिले. त्याच वर्षी पिचफोर्कने १९९०च्या दशकातील सर्वोत्तम अल्बमांत त्याला चौथ्या क्रमांकावर ठेवले. २००५ मध्ये पिचफोर्कने अल्बमचे पुन्हा परीक्षण करून १० पैकी १० गुण दिले. त्याच वर्षी किम कूपर यांचे या अल्बमवरील पुस्तक ‘थर्टी थ्री अँड अ थर्ड’ या मालिकेत प्रकाशित झाले. बँडच्या सदस्यांच्या आठवणींवर आधारलेले हे पुस्तक अल्बमच्या निर्मितीविषयीचा महत्त्वाचा आधार आहे. २०२० मध्ये रोलिंग स्टोनने आपल्या ५०० सर्वश्रेष्ठ अल्बमांच्या सुधारित यादीत त्याचा समावेश केला.

विक्रीतही हा बदल दिसला. प्रकाशनानंतर दहा वर्षांनी, २००८ मध्ये, अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या विनाइल तबकड्यांत हा अल्बम सहाव्या क्रमांकावर होता.

पुनरागमन

२०१० पासून मँगम अधूनमधून एकट्याने कार्यक्रम करू लागला. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यू यॉर्कमधील झुकोटी पार्क येथे ऑक्युपाय वॉल स्ट्रीट आंदोलकांसमोर त्याने गाणी सादर केली. २०१३ मध्ये मँगम, कोस्टर, स्पिलेन आणि बार्न्स या चौघांच्या पुनर्मिलनाची घोषणा झाली आणि त्यानंतर २०१५ पर्यंत बँडने दौरे केले. प्रेक्षकांनी छायाचित्रण करू नये, अशी विनंती या कार्यक्रमांत केली जात असे. या पुनर्मिलनातून नवा अल्बम मात्र निघाला नाही. २०२३ मध्ये मर्ज रेकॉर्ड्सने बँडच्या समग्र ध्वनिमुद्रणांचा संच प्रकाशित केला.

प्रभाव

रॉक संगीतात पितळी वाद्ये, ॲकॉर्डियन आणि पूर्व युरोपीय लोकसंगीताचे रंग वापरणाऱ्या २०००च्या दशकातील अनेक बँडांचा संबंध या अल्बमशी जोडला जातो. २००४ मध्ये मर्ज रेकॉर्ड्सकडूनच फ्युनरल हा पहिला अल्बम काढणाऱ्या आर्केड फायर या कॅनडातील बँडच्या विन बटलर याने न्यूट्रल मिल्क हॉटेल हे आपण ती कंपनी निवडण्याचे एक कारण असल्याचे सांगितले आहे. बेरूत या बँडच्या २००६ मधील गुलाग ऑर्केस्टार या अल्बमात जेरेमी बार्न्सचा प्रत्यक्ष सहभाग होता.

१८ डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवरील द कोल्बेर रिपोर्ट या कार्यक्रमाच्या अखेरच्या भागाचा शेवट ‘हॉलंड, १९४५’ या गीताने करण्यात आला. सूत्रसंचालक स्टीव्हन कोल्बेर यांचे वडील आणि दोन भाऊ १९७४ मधील विमान अपघातात मरण पावले होते. त्यामुळे या निवडीकडे त्यांच्या स्मृतीला वाहिलेली आदरांजली म्हणून पाहिले गेले.

गीतसूची

१. द किंग ऑफ कॅरट फ्लॉवर्स, भाग एक
२. द किंग ऑफ कॅरट फ्लॉवर्स, भाग दोन आणि तीन
३. इन द एरोप्लेन ओव्हर द सी
४. टू-हेडेड बॉय
५. द फूल (शब्दविरहित)
६. हॉलंड, १९४५
७. कम्युनिस्ट डॉटर
८. ओह कमली
९. घोस्ट
१०. शीर्षकविरहित (शब्दविरहित)
११. टू-हेडेड बॉय, भाग दोन

प्रमुख सहभागी कलाकार

जेफ मँगम – गायन, गिटार
ज्युलियन कोस्टर – करवत, बँजो, ॲकॉर्डियन, ऑर्गन
स्कॉट स्पिलेन – ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्लूगलहॉर्न, युफोनियम
जेरेमी बार्न्स – ड्रम, ऑर्गन
रॉबर्ट श्नायडर – निर्मिती, ऑर्गन, पियानो, बास, पितळी वाद्यांच्या रचना